घाम आलेली चाकं

विंचूरच्या माणसाच्या हातात कांदा द्या, तो किती दिवस टिकेल हे तो डोळे मिटून सांगेल. स्वतःच्या जावयाबद्दल एवढ्या खात्रीनं बोलणार नाही. चंद्रभागा तर या कामात मुरलेली बाई. उभा जन्म तिनं दुसऱ्यांच्या कांदाचाळींत माल निवडण्यात घालवला होता. कुठल्या कोपऱ्यात सड लागलीय हे तिला दाराशीच वासावरून कळायचं. म्हणून शेखरनं द्राक्षांचं एक जुनं शीतगृह भाड्यानं घेऊन त्यात हॉलंडचं चीज ठेवलं, तेव्हा राखणीला तिलाच बोलावलं.

हा शेखर आधी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत होता. त्या कामासाठी हॉलंडला गेला असताना एका म्हाताऱ्या गवळ्याच्या घरी त्याला चीजचा एक तुकडा खायला मिळाला आणि गडी खुळावला. नोकरी सोडली, परवाने काढले आणि त्याच म्हाताऱ्याकडून चीज मागवून नाशिकच्या हॉटेलांना, वायनरींना पुरवू लागला. चीज कसलं, जात्याच्या तळीएवढी पिवळी टणक चाकंच होती ती. प्रत्येक चाक प्लास्टिकमध्ये घट्ट बंद, वर लेबल. चंद्रभागेचं काम एवढंच, की रोज थंडावा बघायचा, चाकं उलटायची आणि दार लावून घ्यायचं.

पण तिचा तिथं जीव जडला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजून काढायचं, ट्रॅक्टरांचे भोंगे कान किटवायचे. आत आलं की सगळं निवायचं. गेलेल्या नवऱ्याचा, केरूचा स्वेटर चढवून ती फळ्यांमधल्या स्टुलावर बसायची, आणि डोळा लागून दुपार कुठल्या कुठं जायची. तिला कधी न पाहिलेला मुलूख दिसायचा. सपाट, हिरवागार, कुठंही डोंगर नाही, आणि त्या गवतात पोटापर्यंत बुडालेल्या ठिपक्याठिपक्यांच्या गाई. त्या हळूच मान वळवून तिच्याकडे बघायच्या. केरू त्यांच्यामधून चालत यायचा, नुसता हसायचा. जागी झाली की ती चाकांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, झोपा रे बाबांनो. ही कोठी आपल्या हातून जाऊ नये, बाकी काही नको, असं तिला मनापासून वाटायचं. एवढी शांतता तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

नव्या खेपेची कागदपत्रं सोडवायला शेखर तीन आठवडे मुंबईला गेला, आणि तेव्हाच तिला ते दिसलं. कडेच्या फळीवर बारा चाकं होती. एका नव्या हॉटेलला दिवाळीत द्यायची म्हणून शेखरनं वेगळी काढलेली. त्यांच्या प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब धरले होते. बंद गोणीत कांद्याला घाम सुटला की चार दिवसांत गोणीचा चिखल होतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. घाम आला की मोकळं करायचं, पसरायचं, वारा द्यायचा. विचारायचं कोणाला? शेखरचा फोन लागेना. तिनं विळा घेतला आणि बाराही चाकांचं प्लास्टिक चरचर फाडून काढलं.

मग तीन आठवडे तिनं त्यांचं बाळंतपणच केलं म्हणा. जुन्या धोतराच्या फडक्यानं रोज कोरडी पुसली, रोज उलटली, कुठं पांढरी बुरशी दिसली की हलक्या हातानं घासून काढली. हळूहळू त्यांच्या अंगावर घट्ट तपकिरी साल धरली. कोठीत नवाच वास भरला. आधी ओल्या गोठ्याचा, मग भाजल्या शेंगदाण्यांचा, नंतर नुकत्याच कढवलेल्या तुपाचा. ती खूश होती.

शेखर परतला तो थेट कोठीत आला, आणि दारातच थिजला.

“मावशी, हे काय केलंत तुम्ही?”

“घाम आला होता त्यांना, शेखरभाऊ. सडली असती.”

“सडत नसतात ती! पाकीट फुटलं की माल बाद. कायदा आहे. बाहेरच्या देशातला माल, लेबल नाही तर विकता येत नाही!”

“चिठ्ठी हाय ना,” ती घाईघाईनं म्हणाली. तिनं एक चाक उचलून दाखवलं. खाली त्याचंच फाटलेलं प्लास्टिक, लेबलासकट, नीट घडी करून ठेवलेलं. “ज्याची त्याच्या खाली ठेवली. एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्यात मी कधी मिसळला नाय.”

शेखरनं कपाळावर हात मारला. ओरडायचं त्याच्या जिवावर आलं असावं, कारण तो एकदम हळू बोलायला लागला, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. आता हॉटेलला काय सांगू? ही बाराच्या बारा खड्ड्यात पुरावी लागणार. आणि मावशी, उद्यापासून तुम्ही येऊ नका.

चंद्रभागेनं स्वेटर काढून त्याची घडी घातली. रडू आलं होतं, पण त्याच्यासमोर नको म्हणून तिनं ते गिळलं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“एक मागू? पुरायचीच हायत तर एक कापून दाखवा. आठ महिने उलटसुलट करतेय, आत काय हाय ते बघितलं नाय कधी.”

“बघाच,” शेखर चिडून म्हणाला. “काय करून ठेवलंय ते बघाच!”

त्यानं लांब सुरी आणली, सगळा भार देऊन दाबली. चाक कट्कन उकललं. आत चिखल नव्हता. गर्द पिवळा, जुन्या मधाच्या रंगाचा गाभा होता, आणि त्यात मिठाच्या खड्यांसारखे बारीक पांढरे कण चमकत होते. शेखरनं एक कपची काढून वास घेतला, जिभेवर ठेवली. त्याचा जबडा हलायचा थांबला. तो खाली, त्या गार फरशीवरच बसला.

“बिघडलंय?” तिनं विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“हीच चव,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याच्या घरची. आठ महिने आणतोय मी चीज, पण ही चव एकदाही आली नव्हती, मावशी. मला वाटायचं, माझीच जीभ खोटं आठवतेय. त्याची बायको माळ्यावर उघडी चाकं रोज फडक्यानं पुसायची. मी हसलो होतो तिला.”

त्यानं दुसरी कपची तिच्या हातावर ठेवली. ती खारट होती, मग गोड झाली, मग तोंडभर पसरली. चंद्रभागेला गाई दिसल्या नाहीत, केरूही दिसला नाही. फक्त एवढंच कळलं, की हे आपल्या हाताचं आहे.

शेखरनं तिथंच बसून त्या म्हाताऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून घोगरा म्हातारा आवाज आला. दोघं इंग्रजीत बोलत राहिले. शेखर मध्येच तिला समजावून सांगायचा: ही बारा विकता नाही येणार, घरोघर वाटून टाकू. पण पुढची खेप प्लास्टिकशिवाय पाठवा म्हणतोय मी त्याला, लेबल सालीवरच डकवा म्हणतोय, कायद्यात तसं चालतं. म्हातारा काहीतरी ठासून विचारत होता.

“काय म्हणतोय?”

“नाही म्हणतोय. उघडी चाकं म्हणजे तान्ही पोरं, कोणाच्याही भरवशावर पाठवणार नाही म्हणतो. तिथं सांभाळणारं कोण आहे, विचारतोय.” शेखर बोलता बोलता अडखळला. आठ महिन्यांत त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं. मान खाली घालून तो म्हणाला, “मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?”

तिनं पदर सावरला.

“चंद्रभागा केरू गांगुर्डे.”

शेखरनं ते फोनमध्ये सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं. पलीकडे कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मग तो म्हातारा, अडखळत, तिचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागला.