कडेवरची मुलं

नाओमीबाईंनी चपला हातात घेतल्या आणि त्या मिठागराच्या बांधावर चढल्या. खाली वाफ्यात हौसा लाकडी दाताळ्याने मीठ ओढत होती. बांधाच्या टोकाला तिची सुगंधा धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. बाईंना बघताच तिने मान खाली घातली.

"तिसरीत नाव आहे हिचं, हौसा. दिवाळीपासून वर्गात दिसली नाही."

हौसाचे हात थांबले नाहीत. "दिसल कशी? मी आनि हिचा बापूस, दोघंव आगरावर. ही शालेत गेली त परविनला कोन बगल?"

"हजेरी भरली की आता तांदूळ मिळतात."

"तांदूल घेऊन काय करू, बाई? ह्यो नुकता चालाय लागलाय. डोला चुकवून पान्याकडं जातो."

प्रवीण बहिणीची वेणी ओढत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सुगंधाला म्हणाल्या, "त्यालाही घेऊन ये. बसेल तुझ्यापाशी."

हौसाने पहिल्यांदाच मान वर केली. "वर्गान? हेडमास्तर वरडतील."

"मी आहे ना गो."

दुसऱ्या दिवशी सुगंधा आली, कडेवर प्रवीण. आठवड्याभरात खाडीकडच्या घरांतल्या बाकीच्या मुलीही आल्या; जिला भावंड होतं, ती त्याला घेऊन आली. कुणी खडू खाई, कुणी सतरंजी ओली करी. बाईंनी घरचं जुनं लुगडं आणून खिडकीच्या गजांना झोळी बांधली. मुली पाढे म्हणता म्हणता झोका देत. बाईंचे दोन्ही मुलगे इस्रायलला गेले होते. पेणमधल्या घरात त्या आणि त्यांचा नवरा जेकब, एवढेच. रात्री जेवताना त्या वर्गातल्या गमती सांगत आणि जेकब म्हणे, "शाळा चालवतेस की पाळणाघर?" पण ऐकायला त्यालाही आवडत असे.

हेडमास्तर महिपती गुरुजींनी कानाडोळा केला होता. हजेरी भरत होती, केंद्राच्या बैठकीत शाळेचं नाव निघत होतं. फाल्गुनात तालुक्याचे साहेब शाळा बघायला यायचे ठरले, तेव्हा मात्र त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"उद्या तेवढं लहान मुलांचं बघा, बाई. साहेबांना वर्ग दिसायला हवा, अंगणवाडी नको."

"पोरं आणू नका म्हटलं तर मुलीच येणार नाहीत."

"तुमचा शब्द मोडत नाहीत त्या. आणि एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

नाही म्हणता आलं असतं. पण साहेबांसमोर आपलं नाव घेतलं जाणार, हे बाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. "सांगते," म्हणाल्या.

शाळा सुटताना त्यांनी मुलींना सांगितलं, "उद्या भावंडांना घरी ठेवा. पण तुम्ही सगळ्या यायचं. दांडी मारायची नाही."

सुगंधा उभी राहिली. "बाई, परविनला कुठं ठेवू?"

"आईजवळ. एक दिवस सांभाळेल ती."

सगळ्या आल्या. डोक्याला तेल, घट्ट वेण्या, धुतलेले फ्रॉक. वर्ग इतका शांत होता की बाईंना स्वतःचाच आवाज मोठा वाटू लागला. साहेबांनी सुगंधाला धडा वाचायला सांगितला. पुस्तक दोन्ही हातांत नीट धरून ती कुठेही न अडखळता वाचत गेली. साहेब खूश झाले. "बाकीच्या शाळांनी इथे येऊन बघावं," ते गुरुजींना म्हणाले.

त्याच वेळी मिठागरावरची ठमाबाई दारात आली. तिचं नेसूचं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. ती सरळ आत आली आणि तिने सुगंधाचा हात धरला. "चल गो."

"अहो, काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

ठमाबाई उंबऱ्यापाशी थांबली. "परविन चरात पडला. गेला."

हौसाने त्याला बांधाच्या सावलीत गोणपाटावर बसवलं होतं आणि ती मिठाची टोपली रिकामी करायला पलीकडे गेली होती. खाडीचं पाणी आत घेणारा चर तिथून जवळच होता.

तो शुक्रवार होता. दर शुक्रवारी संध्याकाळी बाई लावत तो शब्बाथचा दिवा त्या दिवशी जेकबने लावला. बाई ओसरीवरून उठल्याच नाहीत.

"पोराला पाण्याजवळ ठेवा, असं काही आपण सांगितलं नव्हतं," दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले. बाई तशाच उठल्या. त्या हौसाच्या झोपडीवर गेल्या. बायकांनी सरकून जागा करून दिली. हौसाने वर बघितलं नाही. बाई बराच वेळ बसल्या आणि परत आल्या.

खाडीकडच्या मुली शाळेत यायच्या बंद झाल्या. बाई कुणाला बोलवायला गेल्या नाहीत.

प्रवीणचं दिवसकार्य उरकलं आणि एका सकाळी हौसा सुगंधाला घेऊन शाळेच्या पडवीत येऊन उभी राहिली. बाई बाहेर आल्या. हौसाच आधी बोलली. आवाजात राग नव्हता.

"ठेवा हिला. आता रोज येल. घरी हिला काय काम नाय."

आणि ती बांधाच्या वाटेने निघून गेली.

बाई वर्गात आल्या. अर्धी सतरंजी रिकामी होती. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. सुगंधाच्या नावाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.

सुगंधा जागेवर उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "माजा नाव ऱ्हायला."