माळेखालची तोटी

"पाण्यावर इंजिन! नुसत्या पाण्यावर!" लोह्याजवळच्या त्या गावात पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. तैलानंद महाराजांनी इंजिनाच्या रिकाम्या टाकीत काडी फिरवून कोरडी दाखवली, तांब्याभर पाणी ओतलं, चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, सात बिया टाकल्या. शिष्यानं हँडल मारलं. धडधड सुरू!

"धरणीच्या पोटातलं तेल उपसलं, म्हणून किल्लारीला ती खवळली!" महाराज गरजले. "आता गायरान मोकळं करा, चंद्रज्योत लावा!"

जणू किल्लारीखाली तेलाच्या विहिरीच होत्या! भूकंपाला तेरा वर्षं झाली तरी लोकांची धडकी गेली नव्हती, आणि महाराज तीच विकत होते.

बाभळी तोडण्याच्या ठरावावर अंगठे पडत होते. काल कस्तुराबाईनंही दिला होता. तिच्या अकरा शेळ्या त्याच गायरानावर जगत. लातूरच्या शिकवणीहून आलेली नात पुनम सकाळी कळवळून म्हणाली होती, "आजी, चंद्रज्योतीचं झाड शेळी खात न्हाई. बी तर इषारी हाय." तेव्हापासून म्हातारीला अन्न गोड लागलं नव्हतं.

थोड्या वेळानं महाराज "धरणीदेवीला विसावा" म्हणत इंजिन बंद करायला वळले. टाकीखाली डिझेलच्या तोटीवर झेंडूची जाड माळ होती. कस्तुराबाईची नजर तिथंच खिळली. नवरा गेल्यापासून घरच्या विहिरीवरचं इंजिन तीच चालवायची. शेवटच्या सरीला पाणी लागलं की ती तोटी बंद करून खुशाल निघायची. फिल्टरात उरलेल्या डिझेलवर सरी भिजायची.

"महाराज, बंद करू नका."

"बाई, देवी कोपेल!"

"कोपू द्या. पाण्यावर चालून राह्यलं ना? मग पाणी सरंस्तोवर चालू द्या."

शिष्य अंगावर धावला. सरपंच अमृतरावांनी त्याला अडवलं. आपलं चुकलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, हे कस्तुराबाईला ठाऊक होतं; तरी ती इंजिनापुढून हलली नाही. इंजिन चालतच होतं. मग ते अडखळलं, खोकलं, बंद पडलं.

"पापी नजर!" महाराज ओरडले.

कस्तुराबाईनं माळ ओढली. तोटी बंद होती. अमृतरावांनी टाकी तांब्यात रिकामी केली. तांब्या पुन्हा काठोकाठ भरला. इंजिन पाण्याचा थेंबही प्यालं नव्हतं. फिल्टरात आधीच भरलेल्या डिझेलवर ते चाललं होतं.

"बियांचं तेल निघतं, इंजिनात जळतं, ते खोटं न्हाई," पुनम म्हणाली. "पर त्याला पोत्यांनी बी लागतं, लई रान लागतं. बाभळी तोडल्यावर जनावरं काय खातील, हे कुणी इचारलं का?"

कस्तुराबाईनं ठरावाचा कागद मागितला.

"माझा अंगठा खोडा, सरपंच. आन् पुन्यांदा कुणी चमत्कार दावला, तर आधी उघडून बघा, मंग अंगठा द्या."