अत्यावश्यक बारा गाणी

माझ्या नवऱ्याचं आणि माझ्या भावाचं फाटलं, ते घर-जमीन असल्या शहाण्या माणसांच्या कारणावरून नव्हे. जर्मनीतला एक म्हातारा गायक उंच पट्टीत किंचाळतो, तो अजून पूर्वीसारखा किंचाळतो की नाही, यावरून.

दोघं शाळेपासूनचे दोस्त. त्या जर्मन बँडचं पॉवर मेटल का काय म्हणतात ते संगीत दोघांनी एकाच वर्षी ऐकलं आणि दोघंही एकदमच कामातून गेले. ड्रम असे, की कुणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून लोटून दिलंय, आणि त्याच्यावर गायकाचा सूर वर, वर, अजून वर. माझं लग्नही त्यातूनच जमलं. "ज्याला ही गाणी कळतात तो माणूस वाईट असूच शकत नाही," असं दादानं घरी सांगितलं. बाबांनी खरं तर पगार विचारला होता.

बँडची गाणी ढीगभर. पण माणसानं मरायच्या आधी ऐकलीच पाहिजेत अशी बाराच, हे दोघांनी तरुणपणी वाद घालघालून ठरवलं होतं. अत्यावश्यक बारा. दर रविवारी दादाच्या खोलीत, ठरलेल्या क्रमानं. मी चहा नेऊन द्यायची आणि कानांवर हात ठेवून परत यायची.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी त्यात कापाकापी सुरू केली. "तिसरं काढ रे. दम नाही त्यात." मग सातवं गेलं. मग बारावं, ज्यावर दादाचा जीव. "आपण तेव्हा पोरं होतो, उगाच भारावलो," हे म्हणाले. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो गप्प बसला, कारण तोच बँड आमच्या शहरात येणार होता आणि त्यानं दोन तिकिटं काढून ठेवली होती. ती त्यानं पुढे केली, तर हे म्हणतात, "मी नाही येत. परवाच बघितलं मोबाईलवर. आवाज गेलाय त्याचा. नुसता आ वासून उभा राहतो."

"त्याचा आवाज नाही गेला. तुझं इमान गेलंय," दादा म्हणाला. रविवार बंद झाला.

आमचे हे खोटं बोलत नाहीत. लोक याला गुण म्हणतात. लोकांना त्यांच्याबरोबर राहावं लागत नाही. ह्यांच्या कारखान्याच्या मालकानं हौसेनं नवं घर दाखवलं, तर "बाथरूमचा उतार उलटा आहे" एवढंच बोलून हे मोकळे. त्यामुळे समजूत घालायला गेले तरी काय घालणार? इकडे माझे हाल. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे दादा, तो एकटाच. त्याच्या दारावरून जाताना मला रडू यायचं, आणि रडण्याचं कारण कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मग एके दिवशी कपड्यांचं मशीन कपडे धुऊन झाल्याची शीळ घालत होतं आणि हे त्याच्याशेजारीच पेपर वाचत बसलेले. मी ओरडले, "अहो, ते बंद करा ना!"

"काय बंद करू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळा जन्म कारखान्याच्या दणदणाटात पत्रे ठोकण्यात गेलेला माणूस! धाकदपटशा करून मी त्यांना कान तपासायला नेलं.

काचेच्या खोलीत बसवून तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आवाज ऐकू आला की बटण दाबा." हे माझ्या चेहऱ्याकडे बघून दाबायला लागले. बाईंनी मला बाहेर काढलं. निकाल असा, की जाडे आवाज ठणठणीत, बारीक आणि उंच आवाज जवळजवळ गेलेले.

"तुमचं मशीन बिघडलंय," हे म्हणाले.

बाई समजूतदार. त्यांनी ह्यांच्या कानांत श्रवणयंत्रं बसवली आणि आवडीचं गाणं लावायला सांगितलं. मीच मोबाईलवर बारावं लावलं. हे हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून ऐकत होते. मग तो सूर आला. घडी सुटली. त्यांनी चष्मा काढला.

"आहे गं," ते म्हणाले. "वरपर्यंत जातोय तो. तिसरं लाव. सातवं लाव!"

बाहेर लोक खोळंबले होते. तिन्ही गाणी होईपर्यंत बाईंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी यंत्रं वापरून बघायला दिली आणि आम्हाला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दादाकडे गेलो. दादानं दार उघडलं, पण 'ये' म्हणाला नाही.

"कान माझे गेले होते," हे खणखणीत आवाजात म्हणाले. "गाण्यांत काही कमी नव्हतं. चुकलो मी."

दादा ह्यांच्या कानांतल्या यंत्रांकडे बघत राहिला, मग दंडाला धरून त्यांना आत ओढलं. "आता बस इथे. ह्याच महिन्यात त्यांनी परदेशात केलेला कार्यक्रम आहे, टीव्हीवर लावतो. बारावं ऐक आणि मग बोल."

पडद्यावर पांढऱ्या केसांचा गायक. गाणं चढत गेलं, तो सूर जवळ आला, आणि मला यातलं ओ की ठो कळत नसूनही कळलं. त्याचा आवाज चिरकला. त्यानं पटकन माईक लोकांच्या दिशेनं फिरवला. आणि दादा? डोळे मिटून, हात छताकडे उंचावून, तो सूर अखंड ऐकत होता. पडद्यावर तो कधीच संपला होता. दादाचा हात अजून वरच होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ऐकलं होतं. आता हा माणूस खरं बोलणार, आणि माझं माहेर कायमचं मिटणार.

दादानं डोळे उघडले. "सांग."

"अगदी पूर्वीसारखा," हे हळूच म्हणाले.

"काय?" दादानं कान पुढे केला.

"अगदी पूर्वीसारखा!" हे ओरडले.

दादानं त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की उजव्या कानातलं यंत्र खाली पडलं. मग दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून ते कोचाखाली शोधत राहिले, हसत हसत.

परतताना मी म्हणाले, "अहो, दादाचेही कान गेलेत. उद्याच त्या बाईंकडे नेऊ या त्याला."

ह्यांनी उजव्या कानातलं यंत्र नीट दाबून बसवलं.

"उद्या नको," ते म्हणाले. "आधी त्यानं तिकिटं काढलेला कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग नेऊ."