दोन मीटर नव्वद

उत्खननाच्या जागी माझं काम सरळ आहे: मातीतून जे निघेल ते वहीत चढवायचं. माणसांनी आत काय दाबून ठेवलंय, त्याची वही वेगळी. ती मी डोक्यात ठेवतो.

त्या वहीत आमच्या मॅडम आणि त्यांचे सासरे या दोघांचं खातं सगळ्यांत जाड. सासरे म्हणजे आमचे जुने सर. चाळीस वर्षांपूर्वी याच टेकाडावर त्यांनी खणलं आणि जगाला सांगितलं, की इथलं राज्य समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी स्थापलं. कारण परदेशी बनावटीची खापरं राजवाड्याच्या भिंतीच्या पायापेक्षाही खोल मिळाली. म्हणजे पाहुणे आधी आले, घर मागाहून बांधलं. मॅडमचं म्हणणं उलट: राज्य इथल्याच लोकांचं, खापरं पुढे व्यापारातून आली. जेवणाच्या टेबलावर यावरून रोज जुंपायची. मधे बसलेला मुलगा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायचं आणि घरी स्वतःचं तोंड घासापुरतं उघडायचं.

गुरुवारी सकाळी मॅडमच्या चरात सरांच्या जुन्या चराचा तळ लागला. चर बुजवण्याआधी तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढच्याला कळावं की इथवर कोणी तरी येऊन गेलंय, ही या धंद्यातली जुनी रीत. सरांनी शाईची दौत ठेवली होती. आत चिठ्ठी, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात: 'खापरं इथे मिळाली. खोली दोन मीटर नव्वद.'

मॅडमनी यंत्र लावून खोली घेतली. पुन्हा घेतली. दोन मीटर वीस.

सत्तर सेंटिमीटर कुठे गेले, ते त्यांना उभ्या उभ्याच उमगलं. हल्ली मापं मूळ जमिनीच्या पातळीवर सिमेंटात बसवलेल्या खुंटीपासून घेतात. सरांच्या वेळी चराच्या काठावर दोरी ताणून घेत. भिंतीचा पाया मोजला पहिल्या आठवड्यात, तेव्हा काठ जागेवर होता. पाया भरला दोन मीटर साठ. खापरं निघाली शेवटच्या महिन्यात, दुसऱ्या कोपऱ्यात. तोवर उपसलेली माती साचून काठ वर चढला होता आणि त्याच्याबरोबर दोरीही. म्हणजे खापरं पायाच्या खाली नव्हतीच. चांगली हातभर वर होती.

एवढं जिंकूनही मॅडमचा चेहरा उतरलेला. रविवारी संग्रहालयात सरांचं व्याख्यान होतं, विषय तोच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाच्या पायाखालून सत्तर सेंटिमीटर काढून घ्यायचे, म्हणजे तो उभा कशावर राहणार?

"काका, ही नोंद सोमवारी केली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, आजची वस्तू आजच्याच पानावर. मोठ्यानं वाचून दाखवणार नाही, एवढीच सवलत.

पण सरांना वाचून दाखवावं लागत नाही. रोज चारला छत्री टेकत यायचे, आधी वही मागायचे, मग पाणी. मॅडम धावत चरातून वर येईतो त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलेलं. यंत्रात बिघाड असेल, उद्या पुन्हा मोजू, असं मॅडम सांगायला लागल्या. सरांनी त्यांना हातानंच थांबवलं, माझ्याकडून कागद घेतला आणि वजाबाकी स्वतः केली. सुनेचा आकडा तपासल्याशिवाय मान्य करतील तर ते सर कसले.

मग चष्मा काढून म्हणाले, "चुली."

कसल्या चुली, ते न कळून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"राजवाड्यातल्या चुली आणि खालच्या वस्तीतल्या चुली एकाच घडणीच्या आहेत. परका माणूस राज्य करायला आला, तरी चूल आपल्या पद्धतीचीच मांडतो. हे मला तेव्हाच दिसलं होतं. चाळीस वर्षं व्याख्यान संपून कुणी हात वर केला, की वाटायचं, हा आता चुलींचंच विचारणार."

"मग बाबा, मला कधी बोलला नाहीत ते?"

"तू विचारलंस कुठे? खापरांवरून भांडत बसलीस."

मॅडम मातीच्या ढिगावर मटकन बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते वहीत लिहिण्याइतकं मला नक्की सांगता येणार नाही. सरांनी एका दमात तांब्याभर पाणी संपवलं आणि बजावलं, की रविवारी दोरीची गोष्ट ते स्वतःच सांगणार. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नाही. खांद्यावरची गोणी उतरवल्यावर हमाल जसा मान इकडेतिकडे फिरवून बघतो, तसं काहीतरी ते करत होते.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. दुपारी बायकोनं कळवल्यापासून त्यांच्या जिवात जीव नव्हता. घरी काय बघायला मिळेल, या धाकानं ते दवाखान्यातून लवकर निघाले होते.

"काका, हे दोघं जेवायला बसलेत. बाबा म्हणतात, राज्य इथल्यांचंच, पण डोंगराकडच्यांचं. ही म्हणते, नदीकाठच्यांचं. बाबांनी टेबलावर मीठ सांडून नकाशा काढलाय." मागून दोन्ही आवाज मला स्पष्ट ऐकू येत होते. "आणि बाबांनी दोनदा वाढून घेतलं."

"मग तुम्हीही बसा," मी म्हटलं. "गार होतंय."