फिलोमेनचा डावा पाय

आमच्या मोंमार्त्रच्या टेकडीवर वेड्यांना तोटा नव्हता, पण ओनेसिमसारखा चित्रकार एकच. सूप समजून तो ब्रश धुतलेलं पाणी प्यायचा आणि वर मीठ कमी आहे म्हणायचा. आमच्या कॅबरेत फिलोमेन नाचायची, तो तिला चितारायचा. ती म्हणायची, "पाऊल मोठं काढ." तो म्हणायचा, "गुडघा अजून उचल." दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. तिच्या घागऱ्यांच्या झालरी मी शिवायचे, म्हणजे दोघांच्या खुळेपणाचा भार माझ्याच सुईवर.

फिलोमेनचा डावा पाय डोक्याच्याही वर जाई. उजव्या गुडघ्यावर लहानपणी गाढवाने लाथ मारलेली. तो पाय कमरेपर्यंत यायचा आणि रुसायचा.

शनिवारच्या नव्या नाचासाठी ओनेसिमने तिचं पोस्टर केलं. छपाईच्या दगडावर उलटं काढलं तर कागदावर सुलटं उमटतं, हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक. हा पठ्ठ्या सुलटंच काढून बसला. शुक्रवारी सकाळी बघते तर भिंतीभिंतीवर फिलोमेनचा उजवा पाय आभाळात!

"मेल्या, हे काय केलंस?" ती किंचाळली.

"तू समोर नाचत होतीस. तुला बघू की उलटंसुलटं बघू?"

तेवढ्यात मालक पुलार आले. "लोक भिंतीवर बघतात तेच मागतात. उद्या चित्रात आहे तस्संच दिसलं पाहिजे. जमत नसेल तर क्लेमांस नाचेल."

फिलोमेनने दुपारपर्यंत उजवा पाय उचलून पाहिला. तीन खुर्च्या मोडल्या. शेवटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मलाही भरून आलं. क्लेमांस नाचते ती मटार सोलल्यासारखी.

ओनेसिम खिडकीशी उभा राहून पोस्टर उजेडात मागून बघत होता. एकदम ओरडला, "फिले, लोकांकडे पाठ कर आणि डावाच उचल! पाय चित्रातल्याच बाजूला जाईल."

"आणि माझं तोंड?"

"तोंड बघायला इथे कोण येतं?"

तिने त्याला बूट फेकून मारला. मग मला म्हणाली, "बाई, सगळ्या झालरी मागे घ्या." मी तीस हात झालर उसवली.

शनिवारी ती पाठमोरी नाचली. मालक रंगमंचावर मागे, म्हणजे आता तिच्या तोंडासमोरच, उभे होते, हे तिच्या ध्यानात नसावं. डावा पाय गेला तो थेट त्यांच्या उंच टोपीला. टोपी उडाली, पाठोपाठ केसही उडाले. लोक बाकांवर चढले, "पुन्हा! पुन्हा!" मालकांनी टकलावर टोपी चढवली आणि मुकाट्याने पुन्हा उभे राहिले.

मंगळवारी ओनेसिम पाठमोऱ्या नाचाचं नवं पोस्टर घेऊन आला, छाती फुगवून. मी बघितलं आणि सुई खाली ठेवली. गाढवाने परत सुलटंच काढलं होतं. पाठमोरी फिलोमेन, उजवा पाय वर.

ओनेसिमचा चेहरा पडला. फिलोमेन मात्र हसून हसून जमिनीवर बसली. "रडू नकोस रे. आता लोकांकडे तोंड करते आणि डावाच उचलते, बरोब्बर जुळेल. तू चुकत राहा, मी फिरत राहीन."

मी झालरी पुन्हा पुढे घ्यायला बसले.