लेकीसाठी माफी

“हलू नका मौलाना, खांदा चुकेल,” शिंपी म्हणाला आणि टेप त्यांच्या पाठीवर धरून तसाच उभा राहिला. माप केव्हाच घेऊन झालं होतं. मौलाना भला माणूस, पण सदा घाईत. माप देतानाच काय तो एका जागी सापडायचा.

“एक विचारू? मी टकळीसाठी पाचही नमाजींनंतर माफी मागतो. पोचत असेल ना?”

टकळी म्हणजे त्याची धाकटी. तोंडाला खळ नसायचा, म्हणून ते नाव. तापाने गेली, तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते.

“माफी? कशाची?” मौलाना वळले.

शिंप्याने मान खाली घातली. “तिने हट्टाने रोजा धरला होता. दुपारी मोरीत गेलो, तर नळाला तोंड लावलेलं. म्हणाली, ‘अल्लाशप्पथ अब्बा, चूळच भरत होते!’ हनुवटीवरून पाणी गळतंय आणि शपथ घेतेय. मला हसूच फुटलं. म्हटलं, सावकाश समजावू. त्याच आठवड्यात ताप चढला. खोटी शपथ तशीच राहिली हो तिच्या डोक्यावर.”

मौलानांनी त्याच्या हातातली टेप काढून मशीनवर ठेवली. आज त्यांनी घाई केली नाही.

“अहो, लहान लेकरांच्या चुका लिहिल्याच जात नाहीत. चांगलं केलेलं मात्र लिहिलं जातं. दुपारपर्यंत सोसलेली तिची तहान वाया नाही गेली. तुम्ही तिला शिकवलंत, त्याचा सवाब, त्याचं पुण्य, तुम्हालाही आहे. तिला दफन करण्याआधी जनाज्याच्या नमाजीत तरी तिच्यासाठी माफी कुठे मागितली आपण? तिनेच तुमच्यासाठी रदबदली करावी, असं मागितलं. तुम्ही तेव्हा भानावर नव्हता.”

शिंपी मटकन स्टुलावर बसला. छातीवरचा धोंडा उतरला आणि तो ओक्साबोक्शी रडला.

“मग आता तिच्यासाठी काय मागू?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“काही नको. तिला काही कमी नाही.”

मौलाना गेले. नमाजीची वेळ झाली, तशी त्याने कापडाचे तुकडे बाजूला सारून चटई अंथरली. नमाज झाल्यावर हात वर गेले आणि सवयीने तेच शब्द ओठांवर आले. तो थांबला. लेकीसाठी बापाने करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं.

आतून बायकोने हाक मारली, “झालं का? जेवायला या.”

“आलो,” तो म्हणाला आणि रिकामे हात तसेच धरून बसून राहिला.