पाच हात पॉलिश

तिला सगळे तडतडी म्हणायचे. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं, आणि दाखला राहिला शाळेत. दहावीच्या वर्गात गणिताच्या सरांनी तिला सगळ्यांसमोर ठोकळा म्हटलं. तिने दप्तर उचललं, सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, म्हणाली, हे तुम्हीच ठेवा, ठोकळ्याला काय करायचंय, आणि चालू पडली. एक घाव दोन तुकडे. मग आईने समजावलं, मावशीने समजावलं, शेजारणींनी तर न विचारता समजावलं, पण ती काही परत गेली नाही.

बाबांनी समजावलं नाही. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

बाबा लाकडाला पॉलिश करायचे. दारं, कपाटं, टेबलं, लोकांचे पलंग. हाताच्या रेषांत पॉलिश असं मुरलेलं की साबण हरला होता. पोरीने खुर्चीत बसून काम करावं, तिची नखं स्वच्छ राहावीत, एवढीच त्यांची इच्छा. ती मोडली तसं त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि तेही फक्त तिच्यापुरतं. बाकी जगाशी ते हसून खेळून होते.

त्यामुळे घरात आई म्हणजे टपालखातं. तिघं एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर जेवायला बसलेली, आणि बाबा म्हणणार, तिला सांग पंखा कमी कर. तडतडी म्हणणार, त्यांना सांग उकडतंय. आई हातातला घास हातात धरून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि म्हणायची की उद्यापासून तिकीट लावल्याशिवाय मी कुणाचं काही पोचवणार नाही.

तडतडी एका हार्डवेअरच्या दुकानात लागली होती. खिळे तोलायचे, पाइप कापून द्यायचे, गिऱ्हाईक 'ते गोल गोल असतं ना' असं म्हणालं की वायसर काढून द्यायचं. नजर तिची घारीची. कोण माणूस स्क्रू विकत घेतोय आणि कोण खिशात घालतोय, ते तिला पाठमोरी असतानाही कळायचं. दुकानाच्या वर गिटारचा क्लास चालायचा. पोरं तेच तेच घोटत बसायची, आणि ही खाली खिळे तोलता तोलता बोटं काउंटरवर आपटायची. हळूहळू तिला वरच्या पोरांच्या चुका कळायला लागल्या. एकदा जिन्यात गाठून तिने एकाला सांगितलंसुद्धा, की बाबा रे, तुझी चौथी तार उतरलीय, रोज ऐकून माझे दात आंबलेत. त्या बिचाऱ्याने गिटार खाली ठेवून तिला हात जोडले.

मालकाने एक दिवस जुनं लोखंड विकायला तिला भंगारवाल्याकडे पाठवलं. तिथे मोडक्या सायकलींखाली एक गिटार पालथी पडलेली होती. रंग सोललेला, पाच तारा गायब, एका खुंटीची मूठ तुटलेली. तारा जिच्यावर अडकवतात ती खालची लाकडी पट्टी, म्हणजे घोडी, एका कोपऱ्यातून उचकटली होती. तडतडीने राहिलेली एकुलती एक जाड तार अंगठ्याने छेडली. आवाज निघाला, आणि निघाला तो थांबेचना. सायकलींमधून, पत्र्यांमधून घुमत राहिला. तिने ती पुन्हा छेडली.

भंगारवाला म्हणाला, घेऊन जा, चुलीत तरी जळेल.

"मग जळणाचा भाव लाव," तडतडी म्हणाली.

तो हसला आणि फसला. जळणाच्या भावात गिटार पदरात पडली.

घरी आणल्यावर पहिलं टपाल लगेच आलं. तिला सांग, घरात माणसांनाच जागा नाही. तडतडीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने गिटार खाटेखाली सरकवली आणि रोज संध्याकाळी ती बाहेर काढून तिच्या मागे लागली. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवरचा, म्हणजे पडद्यांवरचा, गंज भांड्यांच्या घासणीने घासला. आतून कोळ्यांची जाळी, दोन मेलेली झुरळं आणि एक शाळेतला खोडरबर निघाला. तुटलेल्या मुठीच्या जागी दुकानातून ड्रॉवरची छोटी मूठ आणून बसवली. दिसायला बोडक्या डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी दिसली, पण फिरायला लोण्यासारखी. घोडीखाली सरस भरून तिने मालकाकडून उसन्या आणलेल्या शिकंज्याने ती आवळली.

बाबा हे सगळं वर्तमानपत्राच्या वरून बघत असायचे. एकदा त्यांना राहवलं नाही. म्हणाले, तिला सांग, वरचं पॉलिश गेलंय, लाकूड पाणी पिईल. तडतडी म्हणाली, त्यांना सांग, पिऊ दे, तहान लागली असेल. आईने दोघांचंही टपाल परत पाठवलं.

सरस वाळायला ठेवून तडतडी कामावर गेली, त्या दिवशी बाबांना सुट्टी होती.

संध्याकाळी ती दारात आली आणि तिने वासावरूनच ओळखलं. थिनरचा वास तिला आईच्या पदराच्या वासाइतकाच ओळखीचा. खोलीच्या मधोमध, चार बाटल्यांच्या बुचांवर तोलून, गिटार ठेवलेली होती. आणि अशी चकाकत होती की तिच्यात बघून भांग पाडावा. बाबांनी जुना रंग खरवडून काढला होता, प्रत्येक रेघेत, प्रत्येक चिरेत पुट्टी भरली होती, घासली होती, आणि वर पॉलिशचे पाच हात मारले होते. साधं पॉलिश नाही. हॉटेलांच्या टेबलांना मारतात ते, गरम भांडं ठेवलं तरी डाग न पडणारं. एका मोठ्या कामातलं उरलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं, घरच्या दाराला मारायचं म्हणून. दार तसंच राहिलं होतं.

पुढे दोन दिवस ते कुणाला गिटारजवळ फिरकू देत नव्हते. बोट लावू नका, ओलं आहे. तिसऱ्या दिवशी तडतडीने नव्या तारा चढवल्या. आई हात पुसत येऊन उभी राहिली. बाबा कोपऱ्यात ब्रश धुवत होते, म्हणजे धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवत होते.

तिने जाड तार छेडली.

थप्.

कुणी फळीवर चापट मारावी तसा आवाज आला आणि जागच्या जागी मेला. तिने सगळ्या तारांवरून हात फिरवला. थप्, थप्, थप्. तिच्या तळपायाची आग मस्तकाला पोचली. हेच लाकूड सायकलींखाली पडून घुमत होतं. आता त्याला काचेच्या पेटीत बंद केल्यासारखं झालं होतं. तोंड उघडलं होतं तिने. पहिला शब्द जिभेवर आला होता.

"कसं झालंय?" बाबांनी विचारलं.

आईकडे बघून नाही. तिच्याकडे बघून. ब्रशमधून पाणी गळून त्यांच्या पायावर पडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

कधी कुणाला गोड न बोललेली तडतडी म्हणाली, "झकास झालंय, बाबा."

आई तिच्याकडे बघतच राहिली.

त्या दिवसापासून कुलूप उघडलं. एकदम नाही, किलकिलं. आज उशीर झाला का. चहा गार होतोय तुझा. तो लोखंडी दरवाजाचा कडीकोयंडा तुमच्याकडे मिळतो का. तडतडी प्रत्येक वाक्य कानात साठवून घ्यायची. आणि रोज संध्याकाळी ती मेलेली गिटार मांडीवर घेऊन वाजवायची, कारण नाही वाजवली तर बाबा विचारतील. वरच्या क्लासमधलं ऐकून ऐकून शिकलेलं सगळं बोटांत होतं, पण लाकडातून बाहेर यायचं ते गाडीखाली आल्यासारखं. बाबा डोळे मिटून ऐकायचे. तिला गिटार भिंतीवर आपटावीशी वाटायची, आणि बाबांना मिठी मारावीशीही. दोन्ही करता येत नव्हतं, म्हणून ती वाजवत बसायची.

आईने एकदा भांडी घासता घासता हळूच विचारलं, बरी वाजते ना गं? तडतडी म्हणाली, तू पोस्टमन आहेस, पत्र फोडून वाचू नकोस.

रविवारी सुतारकाका आले. बाबांचे जुने जोडीदार. ते दारं बनवायचे आणि बाबा त्यांना पॉलिश करायचे. बाबांनी चहाच्या आधी गिटार पुढे ठेवली. बघा, म्हणाले, पोरीची आहे. ते 'पोरीची' ऐकून तडतडीचे कान गरम झाले.

सुतारकाकांनी गिटार उजेडाकडे धरली, चष्मा वर केला, काम बघून मान डोलावली. मग सवयीने बोटाच्या पेराने लाकूड ठोकून बघितलं. पुन्हा ठोकलं. आणि हसत सुटले.

"अरे, ही गिटार केलीस की जेवणाचं टेबल? यावर चार ताटं मांड, मीपण बसतो."

बाबांचा चेहरा उतरला तो तडतडीने पाहिला. ती काउंटरवर भांडते तशी उभी राहिली. काकांना म्हणाली की तुमच्या कपाटांची दारं वर्षभरात लागेनाशी होतात, आधी त्यावर बोलू, मग गिटारवर बोलू. आणि मला असाच दबका आवाज हवा होता, मी सांगून करून घेतलाय. काका बावचळले. चहा संपवून, बिस्किट हातातच घेऊन निघाले. आई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत सारवासारव करत गेली.

खोलीत दोघंच राहिली. बाबांनी गिटार उचलून तिच्या हातात दिली आणि वाजव म्हणाले. तिने वाजवली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"आधी कशी वाजायची?"

"अशीच."

"खरं सांग."

तडतडीने तारांवर हात ठेवला. "आधी एक तार छेडली की चहा गाळून होईपर्यंत वाजत राहायची," ती म्हणाली. "आता गप्प बसते. लाकूड हलतच नाही, बाबा. पॉलिश जाड झालंय. टेबलाचं आहे ते."

"मग त्या दिवशी झकास कशाला म्हणालीस?"

"तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत." तिचा आवाज फाटला, आणि आवाज फाटल्याचा तिला राग आला. "इतक्या महिन्यांनी विचारलंत. खरं बोलले असते तर परत बंद झाला असतात."

बाबांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग चिडले. पण तिला वाटलं होतं तसे नाही.

"मास्तरला तोंडावर बोललीस. सुताराला आत्ता तोंडावर बोललीस. आणि मला गोड बोललीस? गोड गिऱ्हाइकाशी बोलतात. मी गिऱ्हाईक आहे तुझं?"

तडतडी खुंटीवरची ड्रॉवरची मूठ उगाच फिरवत राहिली.

बाबा उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेले. आई जिना चढून आली, दोघांचे चेहरे बघितले आणि खाली बसली. तडतडीला वाटलं, झालं. आता पुन्हा तिला सांग, त्यांना सांग. गिटारच्या चकचकीत पोटात तिला स्वतःचं रडवेलं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडाचाही तिला राग येत होता.

बाबा आत आले ते कामाची पिशवी घेऊन. सतरंजीवर मांडी घालून बसले. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले काचेचे तुकडे काढले, एकाची धार अंगठ्यावर तपासून बघितली.

"तारा काढ," म्हणाले. "आणि तोंड पुस. लाकडावर पाणी पडलं तर मला चालणार नाही."

पॉलिश काचेने कसं खरवडायचं ते त्यांनी तिला दाखवलं. काच उभी धरायची नाही, किंचित कलती धरायची. जोर मनगटाचा लावायचा नाही, खांद्यातून ओढायचं, लाकडाच्या रेघेच्या दिशेनेच. पॉलिश पिवळ्या साखरेसारखं भुगा होऊन निघायला लागलं. तडतडी घाईघाईने ओढत होती; बाबांनी तिचं मनगट धरलं. म्हणाले, मारामारी करू नकोस, हात हलका ठेव. ती म्हणाली, हलका ठेवून पुढच्या वर्षी होईल. ते म्हणाले, होऊ दे, पळून चाललीय का कुठे? ती म्हणाली, पाच हात मारताना एवढा धीर होता तर दोनच मारायचे. ते म्हणाले, माझ्या दुकानात असतीस तर आज हाकललं असतं. ती म्हणाली, आधी दुकान तरी काढा.

आई भाजी निवडत ऐकत होती. कुणी तिला काही पोचवायला सांगत नव्हतं.

काळोख पडायच्या सुमारास वरची बाजू उघडी झाली. फिकं, साधं, कुठे कुठे डाग पडलेलं लाकूड. बाबांनी फडक्याने भुगा पुसला, उघड्या लाकडावरून तळहात फिरवला. तडतडीने एकच जाड तार चढवली, ताणली, सुरात आणली आणि छेडली. आवाज निघाला. खोलीत फिरला, भांड्यांच्या फळीवरचा एक पेला बारीक थरथरला, मग सावकाश विरला.

"आता?" बाबांनी विचारलं.

ते तिच्याच तोंडाकडे बघत होते. तडतडीने तार पुन्हा छेडली, कान लाकडाला लावला, शेवटापर्यंत ऐकलं.

"अजून दबतंय," ती म्हणाली. "इथे, घोडीच्या खाली. तुम्ही कडेकडेने नीट काढलं नाहीये."

"कुठे?"

तिने बोट ठेवून दाखवलं. बाबांनी वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"काच दे," ते म्हणाले.